परातीतल्या गाठी

मी एक जुनी पितळी परात आहे. पण नक्की कशाची परात, हे मात्र विचारू नका, मित्रांनो. तिथंच तर माझा सगळा गोंधळ आहे.

साळूबाईच्या लग्नात मला उस्मानपुऱ्यातल्या दुकानातून घेतलं आणि मी तिच्याबरोबर वैजापूरकडं सासरी आले. तिची सासू दगडाबाई मला चिंचेनं घासून लख्ख ठेवायची. पुढं दगडाबाईच्याच पोटात गाठ झाली. घरात त्या दुखण्याचं नावसुद्धा कुणी काढेना. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

एका दिवाळीनंतर साळूबाईनं माझ्यात हरभरा ओतला आणि वर गुळाचं गार पाणी शिंपडलं. मी म्हटलं, वा, लाडू! तर बाईनं पाकिटातली काळी भुकटीच टाकली. अगं बाई, हे काय?

"जिवाणू हायेत त्यात," ती नवऱ्याला, कडूबाला म्हणाली. "बियाला चिकटले की पीक लई जोमात येतं म्हणं."

मी डोळे फाडफाडून पाहिलं, एकही जीव दिसेना. बी सावलीत सुकवून पेरलं. कडूबानं मात्र फर्मान काढलं, "आता हिच्यात पीठ मळायचं नाय!" झालं, माझी रवानगी गोठ्यात. माझं काय चुकलं, ते मला आजही कळलेलं नाही.

महिन्याभरानं साळूबाई गवत भरायला मला घेऊन कडूबाबरोबर खुरपायला गेली. गवताबरोबर हरभऱ्याचं एक रोप उपटून आलं. मुळांना गाठीच गाठी! कडूबाचं तोंड पांढरं पडलं.

"आईला झाली तशीच गाठ. रान नासलं, साळू. उद्या नांगर घालतो."

"वरून तर हिरवंगार हाय की!"

"आई बी वरून चांगलीच दिसत व्हती."

साळूबाईला रडू फुटलं. वर्षाची सगळी मदार त्या रानावर होती. रोप चांगलं की वाईट, मला काही उमगेना. तिनं ते माझ्यात ठेवलं, कडूबाला बरोबर घेतलं आणि पाकीट देणाऱ्या शेतकी खात्याच्या फहमिदाबाईंकडं गेली. त्यांनी नखानं एक गाठ फोडली. आत लालसर निघाली.

"भाऊ, ही त्या जिवाणूंची घरं आहेत. हवेतलं नत्र धरून पिकाला खाऊ घालतात. आत लाल आहे, म्हणजे काम जोरात चालू आहे. नांगर कसला घालता?"

"मंजी... गाठ चांगली बी असती?" कडूबानं ती फोडलेली गाठ तळहातावर घेतली. मग हळूच म्हणाला, "आईची बी अशीच येळंवर कुणाला दाखवली असती तर."

तो हरभरा घरात आला. आता दरसाल बियाला गुळाचं पाणी माझ्यातच लावतात, आणि एरवी मी गोठ्यात. मी स्वयंपाकाची की शेताची? देव जाणे! पण मित्रांनो, गाठ दिसली तर लपवू नका आणि भिऊन नांगरही घालू नका. मी आहे ना रिकामी, माझ्यात ठेवा आणि आधी जाणत्या माणसाला दाखवून या.