सात बटणांचा कोट

शिंप्यांच्या घरात पहिलं मूल जन्माला आलं की त्याला हातपाय हलवायला जागा उरत नाही. आमचं घर म्हणजेच दुकान, चार माणसं आणि चौघंही शिवणारी. बाबा कोट शिवतात, दादा पँटी, वहिनी शिवते ते शिवते आणि वर विणतेही. माझ्याकडे काजं-बटणं. सात महिन्यांची माझी भाची गुंडी हे आमचं सगळ्यात लहान आणि सगळ्यात गरीब गिऱ्हाईक. बिचारी कधी तक्रार करायची नाही.

तिला सर्दी-खोकला झाला, थोडा ताप आला आणि आमच्या हौसेला ऊत आला. बाबांनी अस्तराची बंडी शिवली, दादाने जाड विजार, वहिनीने स्वेटर आणि कानटोपी. मी मागे कशी राहणार? सात बटणांचा, गळ्यापर्यंत बंद होणारा कोट शिवला. काजं इतकी घट्ट की बटण सुटेल तर शपथ.

तिसऱ्या दिवशी दुपारी गुंडी अगदी शांत झाली.

"बघा, माझ्या कोटाने गुण दिला," मी म्हटलं.

"अगं, पण सकाळपासून दूध घेत नाहीये," वहिनी म्हणाली. "तोंड लावते आणि सोडते."

"ऊब मिळाली की पेंग येते वहिनी. उठली की पिईल."

शहाणपणाच्या बाबतीत मी कधी हात आखडता घेत नाही.

तेवढ्यात नर्सबाई आल्या. समोरच्या दवाखान्यातल्या, त्यांच्या नव्या कोटाची ट्रायल होती. एक बाही लागलेली, दुसरी अजून टेबलावर. बाबा तोंडात टाचण्या धरून खाली बसून घेर दुमडून टाचत होते. नर्सबाईंनी एकदम हात वर केला.

"मशिनी बंद करा जरा."

मशिनी थांबल्या. पाळण्यातून बारीक, घाईघाईचा श्वास ऐकू आला. दिवसभर आमच्या खडखडाटात तो बुडाला होता.

"तिचे कपडे काढा," नर्सबाई म्हणाल्या.

"कोणाचे?" आम्ही तिघांनी एकदम विचारलं. आमच्या घरात गुंडीचे कपडे असं काही नव्हतंच. ते बाबांचे, दादाचे, वहिनीचे, माझे होते.

"सगळ्यांचे!"

मी कोटाला हात घातला. पण माझीच काजं मला दाद देईनात. बाबांनी टाचण्या थुंकल्या, कात्री घेतली आणि वरपासून खालपर्यंत बटणं छाटली. सातही बटणं टणटण उडाली. मग स्वेटर, मग बंडी. उघडी गुंडी नर्सबाईंनी वहिनीच्या मांडीवर ठेवली आणि हातातल्या घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजत राहिल्या.

बाबा मात्र तिच्या छातीकडे बघत होते. उभ्या आयुष्यात त्यांनी हजारो छात्यांची मापं घेतली होती.

"श्वास घेतला की टेप ताणली जाते," ते हळूच म्हणाले. "हिची छाती खालून आत का जातेय?"

मीही पाहिलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खालच्या बाजूला खळगा पडत होता.

"बरोबर पाहिलंत, काका," नर्सबाई म्हणाल्या. "आणि श्वास अठ्ठावन्न. या वयाला पन्नास झाले तरी थांबायचं नसतं. न्यूमोनिया वाटतोय. त्यात दूधही घेत नाही. उठा, मोठ्या हॉस्पिटलात. आत्ता!"

अशी आमची वरात निघाली. पुढे गुंडीला घेऊन वहिनी, तिच्या बरोबरीने एका बाहीच्या कोटातल्या नर्सबाई, पाठोपाठ गळ्यात टेप लटकवलेले बाबा, रिक्षा थांबवायला धावणारा दादा आणि सगळ्यांत मागे रडणारी मी.

गुंडीला ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं सुरू झाली. वेळेवर आणलंत, डॉक्टर म्हणाले. मी बाहेरच्या बाकावर वहिनीला म्हटलं, "मीच तिला कोंडून ठेवलं गं."

"कोट तू शिवलास. पण घातला मी," ती म्हणाली आणि माझा हात तिने घट्ट धरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुंडी पोटभर दूध प्यायली आणि मग तिने असं भोकाड पसरलं की पलीकडच्या खोलीतली माणसं डोकावून गेली. आम्ही चौघं वेड्यासारखे हसत होतो. त्या बेसुऱ्या रडण्याइतकं गोड मी आजवर काही ऐकलेलं नाही.

घरी आल्यावर मी दुकान झाडून बटणं शोधली, पोरीच्या तोंडात जायची म्हणून. सहाच सापडली. दादाने मशिनी हलवल्या, बाबांनी चिंध्यांचं पोतं उपसलं. नर्सबाई उरलेली बाही लावून घ्यायला आल्या, तेव्हा बाबांनी कोटाचा दुमडलेला घेर सोडला आणि सातवं बटण टुणकन खाली पडलं.

"म्हणजे मी हे घेऊन हॉस्पिटलभर फिरले?" नर्सबाई म्हणाल्या आणि सगळ्यांत आधी त्याच हसल्या.

बाबांनी आता गुंडीला एकच पातळ झबलं शिवलंय. अस्तर नाही, बटण नाही. पुढे एक नाडी, ओढली की उघडतं. मी ती सारखी ओढते.

"अगं, सकाळीच श्वास मोजलेस ना?" वहिनी वैतागते.

"सकाळचे सकाळी."

आत्ताही गुंडी झोपलीये. मशिनी बंद ठेवून मी मोजले. चौतीस. सगळं ठीक आहे, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसले, आणि या वेळी बाबाही शेजारी येऊन बसले.