एकेचाळिसावं पान

मी पोथी बोलतेय. ताडाच्या ब्याऐंशी पानांची, तिरहुती या आमच्या जुन्या लिपीतली. मिथिलेतल्या एका नैयायिकानं, न्यायशास्त्राच्या पंडितानं, काजळाच्या शाईनं मला लिहिलं.

माझा कर्ता मोठा खट! आत्मा आहे, हे त्याला सिद्ध करायचं होतं. पण पहिली चाळीस पानं त्यानं समोरच्यालाच देऊन टाकली. 'देह जळला की संपलं, आत्मा-बित्मा काही नाही' हे नास्तिकाचं म्हणणं त्यानं नास्तिकालाही सुचणार नाही अशा ताकदीनं मांडलं. आमच्याकडे वादाची रीतच ती. दुबळ्याला पाडून मिरवायचं कसलं? चाळिसावं पान संपतं 'असं म्हणाल तर' यावर. एकेचाळिसाव्याचं पहिलं अक्षर 'न'. नाही! तिथून माझा कर्ता बोलायला लागतो.

पिढ्यान्‌पिढ्या मी त्याच्याच घरात राहिले. मग त्याचे वंशज हेमकर झा यांच्या दालानात एक गोरा साहेब आला. आमचं तत्त्वज्ञान त्याला आपल्या लोकांना समजावून सांगायचं होतं. भला माणूस, हात धुऊनच मला शिवायचा. त्याचा लेखनिक रोज दहा पानं उतरवून घेई. पाचव्या दिवशी कमला नदी चढू लागली, नाव सुटायला आली, आणि साहेबानं वही मिटली.

"अहो साहेब, आत्तापर्यंत समोरचा बोलला! आम्ही अजून तोंडच उघडलं नाही!" हेमकर ओरडत घाटापर्यंत गेले.

साहेबानं हसून हात जोडले. "मत कळलं, पंडितजी."

पाच वर्षांनी हेमकरांचा पुतण्या रमाकर कलकत्त्याहून, कॉलेजातून आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांची बरखी, वर्षश्राद्ध. आई दमयंती अंगणात तीळ निवडत होती. त्यानं तिच्यापुढे एक छापील पुस्तक धरलं.

"आई, मी पिंड देणार नाही. आत्माच नाही तर खाणार कोण? आपल्याच पूर्वजानं लिहिलंय."

तिच्या हातून सूप निसटलं. आणि मी? अहो, मी असं म्हणाले? जे खोडायला बेचाळीस पानं खर्ची घातली, तेच माझ्या कर्त्याच्या नावावर? वर साहेबाचा शेरा, या उदास लोकांना जगण्यात रसच नव्हता म्हणे. उदास! ताटात मासा नसला की घर डोक्यावर घेणारा माझा कर्ता उदास!

"कुणी लिहिलंय? कुठं?" हेमकरांचा आवाज चिरकला.

"छापलंय, काका. विलायतेत."

"आणि मूळ तुझ्या घरात आहे, गाढवा!" त्यांनी माझी दोरी सोडली. "हे घे एकेचाळिसावं. वाच मोठ्यानं."

रमाकरनं पान हातात घेतलं, उलटसुलट फिरवलं. त्याचे कान लाल झाले. "काका... हे अक्षर मला येत नाही."

साहेबाचा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण त्या क्षणी तो पार विसरले. परका अर्ध्यात उठला तर उठला. हा तर घरचा!

"भावोजी, शिकवा त्याला," दमयंती म्हणाली. मग मुलाकडे वळली. "नाही म्हणायचं तर म्हण, बौआ. पण पुरतं ऐकून म्हण."

आमच्याकडे मूल आधी गणपतीची आंजी, ती शुभखूण, काढतं, मग अक्षरं. हेमकरांना तेवढाही धीर नव्हता. सांडलेल्या तिळांत बोट फिरवून त्यांनी थेट 'न' काढला.

अजून पुरतं ऐकून झालं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी रमाकरनं पिंड दिला, पण देतानाही काकांशी हुज्जत चालूच होती. मला बरं वाटलं.

आता माझ्या कडा किडीनं खाल्ल्यात, शाई फिकटलीय. माझ्याशी खुशाल भांडा हो. एवढंच करा, मी आहे तोवर मला कुणाच्या तरी वाचण्यात राहू द्या.