कडेचं पाणी

धक्क्यावरची माणसं तिला कप्तानीण म्हणत. तीस वर्षं म्हणत होती, आणि तिनंही ते नाव दागिन्यासारखं मिरवलं होतं. मग सहा महिन्यांपूर्वी कुणा मेल्यानं तिच्या सुनेला ‘धाकटी कप्तानीण’ म्हटलं. तेव्हा तळपायाची आग जी मस्तकात गेली, ती अजून खाली उतरायला तयार नव्हती.

घरचा धंदा लॉन्ड्रीचा. नदीकाठीच घर, खाली धुलाईची खोली, वर इस्त्रीची. नदीत समुद्राचं पाणी चढे-उतरे. मंगळवारी आणि शुक्रवारी धुतलेल्या चादरी मेणकापडात बांधायच्या, छोट्या शिडाच्या नावेत रचायच्या, भरतीबरोबर वरच्या लॉजवर पोचवायच्या आणि मळक्या घेऊन ओहोटीबरोबर घरी यायचं. गाठोडी रचली की माणूस एकच मावे. हाताखाली कुणी नाही, तोंड घालायलाही कुणी नाही.

गुडघा सुजला म्हणून तिनं नाव सुनेला उसनी दिली होती. पण उसनं आणि कायमचं यातला फरक या घरात कुणाला कळेल तर शपथ.

“नाव आता तिच्याकडेच राहू दे,” नवरा जेवताना म्हणाला. “तू इस्त्रीच्या खोलीत बस. खुर्ची आहे, पंखा आहे.”

“खुर्चीत तुम्ही बसा. त्या कामातला अनुभव तुमचाच दांडगा.”

लेक खाली मान घालून हसला. “आई, उद्यासारख्या भरतीला ती साडेनऊला पोचते. तू दहाला पोचायचीस.”

खरं बोलणाऱ्या पोराइतकं वाईट काही नसतं. तिनं ताट बाजूला सारलं. “उद्या मी जाते. नवाच्या आत लॉजवर पोचले नाही, तर नाव तिची. पुन्हा सुकाणूला हात लावणार नाही.”

सून हळूच म्हणाली, “आई, कडेनं नका जाऊ. तो नवा बंधारा झाल्यापासून तिकडं गाळ साचलाय.”

“तुझं बारसं झालं नव्हतं तेव्हापासून ती नदी मला ओळखते.”

बोलली खरी, पण रात्रभर कूस बदलत राहिली. हिला कडेचं सांगितलं कुणी? भरती लागताना नदी काही सगळी एकदम फिरत नाही. मधली धार समुद्राकडे पळत असते, तेव्हा कडेचं पाणी गुपचूप मागे वळलेलं असतं. बाकीचे धारेची वाट बघत बसत आणि कप्तानीण कडेकडेनं अर्धा तास आधी निघे. हे तिनं पोटच्या पोराला सांगितलं नव्हतं. मेल्यावर सांगेन, म्हणायची. आणि ही कालची आलेली बया आपल्याआप शिकून बसली?

सकाळी ती सात वाजताच निघाली. वारा पाठीशी होता. शीड फुगलं, दोरी हाताला ओळखीची लागली, गुडघ्यानंही गुमान साथ दिली. धक्का मागे पडला तसे आवाज एकेक गळत गेले. शेवटी नावेखालचं पाणी तेवढं बोलत होतं. ती कडेला सरकली. पाणी वळलेलं होतंच. “शिकव म्हणावं मला,” ती सुकाणूला म्हणाली.

वळणावर नाव थांबली. आदळली नाही, धक्का नाही. म्हातारं माणूस बसल्याबसल्या झोपतं तशी थांबली. तिनं वल्हं खाली रोवलं, ते हातभर गाळात गेलं. मागे रेटलं, पुढे रेटलं, नाव हलेना. एक पाय खाली सोडून बघितला तर पोटरीपर्यंत रुतला. चप्पल गाळानं ठेवून घेतली.

आता पाणी चढेपर्यंत बसून राहायचं. तिनं शीड उतरवलं. निदान ते तरी लांबून दिसायला नको.

पण ते दिसायचं तेव्हा दिसून गेलं होतं. काठाच्या पायवाटेनं सून धापा टाकत आली आणि थांबली. मधे वीसेक हात गाळ.

“तमाशा बघायला आलीस?”

“इस्त्रीच्या खिडकीतून शीड थांबलेलं दिसलं. लागलं नाही ना?”

“नाकाला लागलंय. दिसत नाही तुला.”

सून हसली नाही. “मीही इथंच रुतले होते. दोनदा.”

“आणि घरी काय सांगितलंस?”

“वारा पडला म्हणून.”

कप्तानिणीला आणखी एक कळ आली. खोटंही काय सफाईनं बोलते!

“मी कुणाला सांगणार नाही, आई.”

“तुझी दया चुलीत घाल.”

“दया कसली? मला हवीय नाव.” सुनेचा आवाज पहिल्यांदाच चढला. “त्या खोलीत दिवसभर ‘अगं हे कुठंय, अगं ते कुठंय’ ऐकून कान किटले माझे. नावेत तीन तास कुणी हाक मारत नाही.”

कप्तानिणीनं वल्हं आडवं ठेवलं. नावाचा मान, लोकांचं कौतुक, सगळं खरं. पण तीस वर्षं ती गुडघे झिजवत आली होती ती त्या तीन तासांसाठी. ते तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

“शुक्रवार तुझा,” ती म्हणाली.

“पैजेत दोन्ही वार होते.”

“होते. पैज मी हरले, घरी तसं सांगेनही. पण मंगळवार सोडणार नाही. काय करायचं ते कर.”

सुनेनं पायाचा चिखल गवताला पुसला. विचार केला. “अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती ज्या वारी येईल तो वार आळीपाळीनं.”

“बरीच आहेस की गं.”

“सहा वर्षं तुमच्याच घरात काढलीत.”

नावेखाली बुडबुडे आले. बूड हललं. “आता मधे जा, आई, सरळ मधे!” सून ओरडली. एरवी तिनं मुद्दाम उलटं केलं असतं. पण गाठोडी कोरडी पोचवायची होती. तिनं वल्ह्यानं नाव रेटली, शीड चढवलं, मधली धार धरली.

लॉजवर पोचायला साडेनऊ उलटणार होते. मॅनेजर विचारणार, आज सूनबाई नाहीत का?

तिनं मागे वळून बघितलं. सून गेली नव्हती. पायाखालचा गाळ विसरून, मान लांब करून, शिडाकडे बघत उभी होती. ते बघणं कप्तानिणीच्या चांगल्या ओळखीचं होतं. सहा महिने धक्क्यावर उभी राहून ती स्वतः तसंच बघत आली होती.

तिला मनापासून बरं वाटलं. तिनं शिडाची दोरी आणखी थोडी सैल सोडली, तिला दिसेल असं शीड पुरतं फुगू दिलं.