दस्त्यावरचं ठिगळ

संग्रहालयातल्या चित्रांना नव्या चौकटी करायच्या होत्या, म्हणून मी मापं घ्यायला गेले होते. शस्त्रांच्या दालनातून जाताना काचेमागची एक जुनी ठासणीची रायफल दिसली आणि मी जागच्या जागी थांबले.

तिच्या लाकडी दस्त्यावर पानाच्या आकाराचं अक्रोडाचं ठिगळ होतं. ते अप्पांनी, माझ्या वडिलांनी, बसवलं होतं. मी तेव्हा दहा वर्षांची होते. शाळा सुटल्यावर त्यांच्या कार्यशाळेत बसून त्यावर जवसाचं तेल मीच चोळलं होतं.

अप्पा शस्त्रागारात दस्ते दुरुस्त करायचे. ही रायफल नीट करून ते कोठीत ठेवून आले. कोठीचे प्रमुख त्यांचे सख्खे भाऊ, माझे काका. काका जेवायला गेले होते. घरचाच माणूस म्हणून अप्पांनी पावतीसाठी वाट पाहिली नाही. संध्याकाळी रायफल गायब. चौकशीत काका म्हणाले, "मी आलो तेव्हा तिथं काहीच नव्हतं." अप्पांना चोर ठरवून काढून टाकलं.

काकांनी मात्र आम्हाला अंतर दिलं नाही. अप्पा चारचौघांत जाईनात, म्हणून माझ्या शाळेत पालक म्हणून तेच यायचे. "सगळ्यांनी पाठ फिरवली, माझ्या भावानं नाही," असं अप्पा शेवटच्या आजारपणातही म्हणत होते.

काचेजवळच्या पाटीवर लिहिलं होतं: दीडशे वर्षांपूर्वीची घडण, आधी एका शिकाऱ्याकडे, पुढे सरहद्दीवरच्या चकमकीत. खाली बारीक अक्षरात: 'देणगी: शस्त्रागाराच्या निवृत्त कोठीप्रमुखांचे कुटुंब.'

मी ते तीनदा वाचलं आणि तडक काकांकडे गेले. ते गॅलरीत चहा पीत होते.

"काका, रायफल पाहिली मी."

त्यांनी कप खाली ठेवला. "पोरानं माळा साफ केला. मला न विचारता देऊन टाकली."

"का नेलीत?"

"फार देखणी होती गं. वाटलं, दोन दिवस घरी ठेवावी, डोळे भरून बघावी. तेवढ्यात चौकशी बसली. कबूल केलं असतं तर नोकरी गेली असती. घरात तान्हं मूल होतं."

"अप्पांच्या घरात मी होते."

त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "तुमच्यासाठी मी काय कमी केलं?"

"अप्पा मरेपर्यंत तुमचे गोडवे गात होते. एकदा तरी त्यांच्या कानात सांगायचं होतंत!"

"धीर झाला नाही."

मापांच्या वहीचे दोन कागद फाडून मी त्यांच्यापुढे ठेवले. "लिहा. झालं ते सगळं." त्यांनी लिहिलं. 'चुकून नेली' असं लिहिलेलं मी खोडायला लावलं. सही घेऊन मी उठले, तर ते म्हणाले, "अधूनमधून येशील ना?"

"नाही."

ती कबुली मी संग्रहालयात दिली. त्यांनी जुन्या चौकशीची कागदपत्रं काढून पडताळली. महिनाभरानं पाटी बदलली. तिच्यावर आता अप्पांचं नाव आहे आणि त्यांच्यावरचा आळ खोटा होता, हेही. चुलतभावाचा फोन आला, "घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणलीस." मी फोन ठेवून दिला.

आईला तोवर काही सांगितलं नव्हतं. तिला पाटी दाखवायला घेऊन गेले. तिनं बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

"तुझी काकू गेल्यावर वर्षभर डबा दिला मी त्यांना," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यातसुद्धा लोणचं पाठवलं."

मग ती बाकावर बसली. मी दोनदा म्हटलं, चल. ती उठली नाही.