टिचकी न लागलेली बरणी

मंगळवारी दुपारी बारा वाजता धाकटी प्रयोगशाळेतून थेट दादाच्या सलूनमध्ये आली. हातात सकाळीच इथून नेलेली काचेची बरणी होती.

"दादा, हिला कोणी हात लावला?"

दादाचा वस्तरा पोस्टमनच्या गालावर थांबला. बरणीत तळ्याचं पाणी होतं आणि पाण्यात धाकटीचे जीव. एकाच पेशीचे, कर्ण्याच्या आकाराचे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढे. धक्का बसला की ते आकसून गोळा होतात, पण पुन्हापुन्हा धक्के दिले की दाद देईनासे होतात. मेंदू नाही, तरी शिकतात. एकाचे दोन झाल्यावर ते शिकणं दोघांत उरतं का, या एका प्रश्नामागे धाकटीची तीन वर्षं गेली होती. ताडून पाहायला धक्का न बसलेले जीव लागत. प्रयोगशाळेत यंत्रांची घरघर, म्हणून त्यांची बरणी सलूनमागच्या खोलीत असे.

"हात कुठं? नुसती टिचकी मारतो हा," पोस्टमन फेसातून बोलले. "रोज भिंगातून दाखवतो आम्हाला. पण पोरी, तुझे जीव हल्ली कोडगे झालेत. ढिम्म हलत नाहीत."

दादाने मान खाली घातली. 'माझ्या बहिणीचा शोध' म्हणत त्याने खुर्चीतल्या प्रत्येकाला बरणी दाखवली होती. अर्धे केस कापलेल्या माणसाला पळताही येत नाही.

"तुझं कौतुक करायला गेलो गं."

"कौतुक तोंडाने करायचं, दादा. बोटाने नाही."

ती रडली नाही. बरणीतलं पाणी तिने मोरीत ओतलं. "शोधनिबंध महिनाअखेर जायचाय. आता मुळापासून. गमबूट आहेत ना?"

पोस्टमनचा दुसरा गाल उरकून दादाने दुकान बंद केलं. पाण्याच्या टाकीमागच्या तळ्यात तो गुडघाभर उतरला आणि जीव चिकटून असतात ती कुजकी पानं वर देत राहिला. धाकटी काठावर भिंग लावून एकेक बाद करत होती.

"लग्नाला मुलं बघताना एवढी चिकित्सा केली असतीस तर?"

"केली. म्हणूनच इथे आहे. ते डावीकडचं पान दे."

त्यातून निवडलेला एक जीव नव्या बरणीत गेला. त्या एकाचे अनेक व्हायचे होते. दादाने खुर्चीची जुनी गादी फाडून फळीवर स्पंज अंथरला, त्यावर बरणी ठेवली, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली धाकटीच्या हातात दिली.

"तुझ्याकडेच राहू दे. माझा माझ्यावर भरवसा नाही."

दुकानाचा रेडिओ बंद झाला. दार आपटणाऱ्याला दादा पुन्हा बाहेर पाठवून हळू लावायला लावी.

"तुला शिकायला किती टिचक्या लागल्या रे?" पोस्टमनने विचारलं.

"एकच. बहिणीची," दादा म्हणाला आणि कात्री चालवत राहिला. शोधाबद्दल मात्र तो पूर्वीइतकंच बोलत असे, फक्त दोन्ही हात कामात ठेवून.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी धाकटीने बरणी दोन्ही हातांनी धरून प्रयोगशाळेत चालत नेली. गाडीचे धक्के नकोत म्हणून. अकराच्या सुमारास फोन आला.

"पहिल्याला धक्का दिला. आकसला."

"म्हणजे जमलं?"

"एकाने काय होतंय? आता बाकीचे. ठेव फोन."

संध्याकाळी सलून बंद होईपर्यंत दुसरा फोन आलेला नव्हता. बाकीचे तपासणं चालू असणार, म्हणून दादानेही आपणहून केला नाही.