मोठ्यांनी एकट्याने आत येऊ नये

गादीवाल्याला सगळे गादीवाला म्हणायचे, कारण तो गाद्या विकायचा, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून दुसरं काही म्हणायला सुचतही नसे. दिवसभर गिऱ्हाइकं दुकानातल्या गाद्यांवर आडवी व्हायची आणि हा बाजूला उभा राहून विचारायचा, "कसं वाटतंय?" कुणी म्हणायचं मऊ, कुणी म्हणायचं टणक, एखादा उत्तर न देता घोरायला लागायचा. उलटून त्याला कुणी विचारत नसे, ते बरंच होतं. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तेव्हापासून त्याला काही वाटतच नव्हतं. दुःखसुद्धा नाही. शेजारीपाजारी भेटायला आले, डोळ्याला रुमाल लावून रडले, आणि हा त्यांना पाणी देत सुटला. आतला मेन स्विच कुणीतरी खाली पाडून ठेवला होता, आणि तो नेमका कुठे आहे ते ठाऊक असलेली बाई घरात नव्हती.

घरात आता तो आणि त्याची पंधरा वर्षांची मुलगी. भांडण नाही, रुसवा नाही, काहीच नाही. एका घरात राहून दोघं फोनवर लिहायचे. "दूध संपलं." "आणलं." "गीझर बंद कर." "केला." मुलगी शाळा सुटली की थेट सार्वजनिक वाचनालयात जायची आणि तिथले दिवे मालवले की घरी यायची. जेवायची, ताट धुवायची, झोपायची. तिच्याबद्दल तक्रार करायला जागाच नव्हती.

अशात आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे गादीवाल्याची धाकटी बहीण. दुसऱ्या शहरात राहायची आणि झोपेचे तास सोडले तर अखंड बोलायची.

"दादा, हिला माझ्याकडे पाठव. इथल्या शाळेत एक जागा रिकामी झालीये. सोमवारी हो की नाही सांगायचंय. तुझ्याकडे बिचारी पोर भिंतींशी बोलत असेल."

"तिला विचार," गादीवाला म्हणाला.

"तिला विचारलं. ती म्हणाली बाबाला विचार. अरे, मी काय तुमच्यातली पोस्टमन आहे का? तुला काय वाटतं ते सांग ना!"

आता हाच तर घोळ होता. काय वाटतं ते त्याला सांगता येईना. पण फोन ठेवल्यावर एक गोष्ट त्याच्या डोक्यात ठाण मांडून बसली: तिने जाऊ नये. हे वाटणं होतं की नुसतं कळणं होतं कोण जाणे, पण होतं. त्याने ठरवलं, तिला सरळ सांगायचं, जाऊ नकोस. आंघोळीला गेल्यावर नळ मोठा सोडून दोनदा म्हणूनही बघितलं. रात्री जेवताना तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर आलं, "मीठ दे."

मीठ त्याच्याच पुढ्यात होतं. मुलीने ते उचलून इंचभर पुढे सरकवलं आणि जेवत राहिली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मीठ. मग गादीवाल्याने विचार केला, घरात जमत नाही तर बाहेर जमेल. शुक्रवारी दुकानातून लवकर निघून तो वाचनालयात गेला.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर काचेची एक खोली होती. दारावर पाटी: 'कुमार कक्ष. वय तेरा ते एकोणीस. मोठ्यांनी एकट्याने आत येऊ नये. सोबत कुमार किंवा कुमारी असणे आवश्यक.' खाली कार्यक्रमांचा फलक, सगळे फुकट. सोमवारी बुद्धिबळ. मंगळवारी जुन्या टी-शर्टांच्या पिशव्या. बुधवारी 'काहीच न करण्याचा तास', आणि त्यापुढे लाल अक्षरात 'जागा भरल्या'. गादीवाल्याला जरा नवल वाटलं. हे तर तो घरी रोज करत होता.

मग काचेतून त्याला मुलगी दिसली. फरशीवर मांडी घालून बसली होती आणि हसत होती. हसताना तिचं नाक वर चढतं हे तो साफ विसरून गेला होता. त्याने दाराला हात घातला.

"सोबत कुमार आहे का?" दाराशी टेबल टाकून बसलेल्या ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

"माझी मुलगी आत आहे."

"मग ती येऊन तुम्हाला घेऊन गेली तर जा."

"तिला हाक मारता का?"

"नाही. पालक आलेत असं आम्ही मुलांना कधीच सांगत नाही." बाई अभिमानाने म्हणाल्या, "म्हणून तर मुलं येतात."

गादीवाला परत फिरला. फिरता फिरता फलकाची शेवटची ओळ त्याच्या नजरेला पडली. 'शनिवार: फोनची शिकवणी. मुले शिकवतील, ज्येष्ठ शिकतील. फक्त साठीच्या पुढच्यांसाठी. शिकवणारा दारापर्यंत घ्यायला येईल.'

गादीवाला सत्तेचाळीस वर्षांचा होता. पण नुसत्या वयावरून माघार घेण्यात अर्थ नव्हता.

शनिवारी त्याने भर उन्हात स्वेटर चढवला, वाचायचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवला आणि दुकानातून एक काठी उचलली. पाठदुखीच्या गादीवर ती काठी मोफत होती. गादी घेऊनही काठी लागते हे कंपनीला बहुतेक आधीच ठाऊक असावं. रस्त्यात तो लंगडण्याचा सराव करत गेला. वाचनालयाच्या पायऱ्यांवर डावा पाय लंगडा होता, वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत उजवा झाला.

"वय?" ग्रंथपाल बाई म्हणाल्या. कालचा माणूस त्यांच्या लक्षात नव्हता. त्याचा चेहराच तसा होता, बघताबघताच विसरायला व्हायचं.

"बासष्ट."

"वाटत नाही हो!"

"झोप चांगली आहे," गादीवाला म्हणाला. दुकानात तो हेच म्हणायचा.

त्याला न्यायला एक सोळा वर्षांचा मुलगा आला. गळ्यात शिट्टी, हातात वेळ मोजायचं घड्याळ. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. ज्येष्ठांशी मोठ्याने आणि सावकाश बोलावं असं त्याला शिकवलं होतं, आणि दिलेल्या शिकवणीत कसूर करणाऱ्यातला तो नव्हता.

"आजोबा! मी! तुमचा! हात! धरू का?"

"धर," आजोबा म्हणाले, आणि अशा रीतीने गादीवाला कुमार कक्षात शिरला.

आत चार टेबलं होती. मास्तरने त्याला बसवलं ते नेमकं मुलीच्या शेजारच्या टेबलाशी. ती एका जाड भिंगांच्या आजींना फोटो मोठा कसा करायचा ते दाखवत होती. तिने वर बघितलं. आधी काठी बघितली, मग स्वेटर, मग चष्मा, मग बाप.

"नमस्कार आजोबा," ती म्हणाली आणि पुन्हा फोटोकडे वळली.

"काय! शिकायचंय! आजोबा!"

"मेसेज."

"कुणाला! पाठवायचाय!"

"मुलीला."

"शाब्बास!" मास्तर ओरडला. दर पायरीला शाब्बास म्हणायचं हाही नियम होता, आणि ज्येष्ठांच्या हातातून फोन काढून घ्यायचा नाही हाही. त्यामुळे तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. "आता! इथे! अंगठा!"

गादीवाल्याचा अंगठा फोनवर जाऊन नुसता उभा राहिला. दूध, गीझर, चावी अशी सगळी अक्षरं त्या अंगठ्याला पाठ होती. हे नव्हतं. शेजारी मुलगी ऐकू जाईल इतक्या अंतरावर होती आणि तरी ते अंतर कापायचं कसं ते त्याला कळेना.

इतक्यात आजींनी फोटोवरून मान वर केली. भिंगांतून त्यांचे डोळे बशांएवढे झाले.

"अहो! तुम्ही गादीवाले ना?"

गादीवाल्याने चष्मा आणखी खाली ओढला.

"तेच तुम्ही! माझी कंबर गेली तुमच्या गादीपायी! आणि मला काय म्हणालात दुकानात? 'आजी, मी अजून पन्नाशीचा नाही पण याच गादीवर झोपतो!' मग इथे कसे बसलात? का त्या गादीवर झोपून दहा-बारा वर्षं एकदम वाढली?"

मास्तरने शिट्टी वाजवली. वाचनालयात शिट्टी वाजवायला मनाई होती, पण ती याच क्षणासाठी त्याच्या गळ्यात असावी.

कक्षाचा कारभार मुलांच्या मंडळाकडे होता. मोठ्यांनी ढवळाढवळ करायची नाही, म्हणून ग्रंथपाल बाई दारातूनच हताशपणे बघत राहिल्या. मंडळाची बैठक तिथल्या तिथे, फरशीवर भरली. मंडळात चौघं होते. त्यातली एक गादीवाल्याची मुलगी होती, हे तिच्याशिवाय आणि त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

"आरोपीला काय सांगायचंय?" मास्तर आता साध्या आवाजात बोलत होता. आरोपी ज्येष्ठ नसल्याचं सिद्ध झालं होतं.

"काही नाही," गादीवाला म्हणाला.

"खोटं वय का सांगितलं?"

"आत यायचं होतं."

"का?"

गादीवाल्याने तोंड उघडलं. आता मीठच बाहेर येणार असं वाटून त्याने ते मिटलं.

मंडळाने कुजबुजून निकाल दिला. एकट्या मोठ्या माणसाला ठेवता येत नाही. सोबत म्हणून कुणी कुमार किंवा कुमारी उभी राहत असेल तर राहा, नाहीतर बाहेर. "कोण राहतंय?" मास्तरने विचारलं.

कुणी हललं नाही. गादीवाल्याने मुलीकडे बघितलं नाही. त्याने काठी घेतली आणि उठला, आणि लंगडायचं विसरून दाराकडे चालायला लागला. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी दिसावी तसं.

"मी," मागून मुलगी म्हणाली.

"तू ओळखतेस यांना?"

"थोडंफार. एका घरात राहतो."

सोबत राहायचं म्हणजे हाताच्या अंतरावर बसायचं. ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली आणि समोर बघत राहिली. तोही समोर बघत राहिला. समोर आजी होत्या, आणि त्यांचा फोटो अर्धवट राहिल्याने त्या आधीच फणफणल्या होत्या.

"आता सापडलाच आहात तर माझ्या कंबरेचं बोला!"

"गादी उलटलीत का?" गादीवाला म्हणाला.

"म्हणजे?"

"दर तीन महिन्यांनी उलटायची. डोक्याकडची बाजू पायाकडे, वरची खाली. नाहीतर माणूस जिथे झोपतो तिथे खड्डा पडतो. तुम्ही भिंतीकडे झोपता ना? मग भिंतीकडून दबली असणार. आणि खाली फळ्या कशा आहेत? फळीफळीत तळहात मावत असेल तर गादी बिचारी काय करणार? ती फटींतून खाली लोंबते. एक प्लायवूड टाका. आणि उन्हात घालू नका, सावलीत वारा द्या. महिनाभर करून बघा, नाही थांबली कंबर दुखायची तर दुकानात या, मी स्वतः उचलून बदलून देतो."

आजी शांत झाल्या. गादी उलटायची असते हे त्यांना मरेपर्यंत कळलं नसतं. मुलगी मात्र मान वळवून बापाकडे बघत होती.

"तू एवढं बोलतोस?"

"दुकानात."

"रोज?"

"गिऱ्हाईक असलं की."

तिने मान पुन्हा समोर वळवली. म्हणाली, "आत्याकडे सकाळपासून कुणीतरी बोलत असतं. आत्या बाथरूममधूनसुद्धा बोलते. मला म्हणून जायचंय. शाळेचं काही नाही."

"हो म्हणालीस?"

"उद्या म्हणणार आहे."

गादीवाल्याने काठीची मूठ धरली, सोडली, पुन्हा धरली.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

इतक्या हळू म्हणाला की मास्तरने शाब्बास म्हणायचीही संधी सोडली.

"हे सांगायला तू स्वेटर घालून आलास?"

"हो."

"भर उन्हात?"

"हो."

"आणि घरी काय झालं होतं?"

"घरी मीठ येत होतं."

मुलीचं नाक जरासं वर चढलं आणि लगेच खाली आलं. "मी राहिले तर तू बोलशील?"

"काय बोलू? मला काही वाटतच नाही गं. तुझी आई गेली तेव्हापासून. मी बघतो आत, काही नसतं."

"मलाही नसतं," मुलगी म्हणाली. "म्हणून तर मी बुधवारी त्या तासाला येते. तिथे सगळ्यांना नसतं." ती नख खात विचार करत राहिली. "गाद्यांबद्दल बोल. कशाहीबद्दल बोल. पण जेवताना. आणि फोनवर लिहायचं नाही."

"कापसाची बोलू की स्प्रिंगची?"

"कापसाची आधी."

तिने फोन काढला, आत्याला दोन शब्द लिहिले, 'येत नाहीये', आणि बापाला दाखवून पाठवून दिले. आपण सुखावलो असणार, असं गादीवाल्याला वाटलं. खात्री नव्हती.

मिनिटभरात त्याचा फोन खणखणला. सगळा कक्ष दचकला, मास्तरचा हात शिट्टीकडे गेला. गादीवाला फोन कानाला लावून खुर्चीतच वाकला आणि मुलगी हाताच्या अंतरावरून ऐकत राहिली.

"दादा! हे काय लिहिलंय पोरीने? मी जागा धरून ठेवली, कपाट रिकामं केलं, पडदे धुतले! तू बोललास का तिच्याशी? एक अक्षर तरी बोललास का?"

"बोललो."

"तू? काय बोललास?"

"गाद्यांबद्दल."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. फोन तुटला असं समजून गादीवाल्याने तो कानापासून काढून बघितला. तुटला नव्हता.