बेडकाचं नवं स्टीअरिंग

रेश्माच्या मुलाचं बारसं झालं ते साल दोन हजार तेवीस, महिना डिसेंबर. ते पक्कं लक्षात आहे, कारण त्याच दिवशी बारशाला दोडामार्गला जाताना गोपाळ गवसाची गाडी साळ गावाजवळच्या वळणावर शेताच्या पाटात उतरली.

कुणाला काही झालं नाही. पार्वती नवऱ्याच्या शेजारी नातवाची दुपटी मांडीवर घेऊन बसली होती, तिची एक चप्पल पाण्यात गेली एवढंच. पण वळणावर स्टीअरिंग साबणाच्या वडीसारखं आपल्या बोटांतून निसटलं, हे गोपाळला कळलं होतं. त्याने ते लपवलं नाही. बारशाच्या पंगतीतच लेकीला, रेश्माला, आणि लेकाला सांगून टाकलं. मुलगा स्वप्नील रागावला नाही. त्याने जेवण संपवलं, हात धुतले आणि म्हणाला की आता पुरे, गाडी विकायची. पणजीचा एक माणूस तिच्यासाठी कधीपासून मागे लागला आहे, त्याला कळवतो.

गाडी होतीच तशी. गडद हिरवी, दोघांपुरती जागा, टप मागे घडी होऊन पडणारा आणि पुढचे दिवे बटण दाबलं की झाकणातून वर येणारे. त्या दिव्यांमुळे डिचोलीत त्यांच्या वाड्यावरची मुलं तिला बेडूक म्हणत. पार्वतीही तेच म्हणे. जपानात बनलेली, तेहतीस वर्षांची गाडी. गोपाळने तीस वर्षं खाणीवर टिपर चालवला. खाणी बंद पडल्यावर तो वास्कोला बोटीवरच्या एका निवृत्त कप्तानाकडे, मधुकरबाबांकडे, ड्रायव्हर म्हणून राहिला. मधुकरबाब मुलीकडे परदेशी कायमचे गेले, तेव्हा जाताना गाडीचे कागद गोपाळच्या नावावर करून गेले. आयुष्यभर धुळीत आणि धक्क्यांत बसलेल्या माणसाच्या हाती उतारवयात अशी गाडी यावी, याचं गोपाळला रोज चावी फिरवताना नवल वाटे. घरातली बाजारहाट, पार्वतीचं माहेर, डॉक्टर, देऊळ, सगळं बेडकावरून चाले. ती गेली तर आपण उरलेले दिवस दुसऱ्याच्या स्कूटरमागे बसून काढणार, हे त्याला दिसत होतं.

दुखणं बोटांचं होतं. डोळे चांगले होते, कान चांगले होते, पाय वेळेवर ब्रेकवर जात. पण सांध्यांत संधिवात भरला होता आणि बोटं पुरती मिटत नव्हती. बारीक वस्तू हातात ठरत नसे, जाड ठरे. कोयत्याच्या मुठीला त्याने जुन्या लुंगीची पट्टी गुंडाळली होती, तेव्हापासून नारळ सोलायला अडचण नव्हती. स्टीअरिंगलाही पट्टी गुंडाळून पाहिली, तर पट्टीच हातात फिरू लागली. शेवटी तो मयेला जयरामकडे गेला.

जयराम चोडणकर खाणीवर फिटर होता. दोघांची ओळख चाळीस वर्षांची. आता तो घरामागच्या पत्र्याखाली पंप आणि पॉवर टिलर दुरुस्त करायचा. गोपाळने बोटं पुढे करून दाखवली आणि कधी नव्हे ते काही मागितलं. जाड कड्याचं स्टीअरिंग बसवता येईल का? स्वप्नीलने एक संधी कबूल केली होती. शनिवारी तो मोपाला विमानतळावर कामाला जाईल, तेव्हा बाजूला बसेल. डिचोलीहून मोपापर्यंत आणि परत, एकदाही हात सुटला नाही तर गाडी राहील. सुटला तर रविवारी पणजीचा माणूस घेऊन जाईल.

जयरामने चार दिवस इथेतिथे फोन केले. वास्कोच्या जुन्या सामानाच्या एका दुकानात हवं ते मिळालं. काळ्या चामड्याचं, जाड कड्याचं, वर मधोमध पिवळी पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना अंगठे टेकायला फुगवटे. दुकानदार सांगत होता की स्पोर्ट्स कारला याहून लहान घ्या, सगळे लहानच घेतात. जयरामने ऐकलं नाही.

"लहान लावलंस तर वळवताना तुझो खांदो निखळतलो," तो गोपाळला म्हणाला. "हिका पावर स्टीअरिंग नाय. टिपराचा केवढा होता, आठवता? पोरी नाचवतंस तसा तेका नाचवायस."

"माझ्या बायलेसमोर बोल असा," गोपाळ म्हणाला.

शुक्रवारी सकाळी गोपाळने गाडी जयरामच्या अंगणात आणून चिऱ्याच्या बांधाला लागून उभी केली, आणि पार्वतीला सकाळच्या औषधांची आठवण करायला म्हणून घरात फोन लावायला गेला. जयराम कामाला लागला. आधी बॅटरीची तार काढली. मग मधलं हॉर्नचं बटण उचकटलं. आतला मोठा नट सैल केला, पण पुरता काढला नाही, चार आटे ठेवले, कारण जुनं स्टीअरिंग एकदम सुटलं तर तोंडावर येतं. स्टीअरिंग ओढून काढायचा पुलर लावून हळूहळू ताण दिला. तेहतीस वर्षं बसलेलं ते कड्यासकट कुरकुरलं आणि सुटलं. खालच्या दांड्याला बारीक दाते होते. त्यांवर त्याने खडूने खूण केली, मधला जोड बसवला, त्यावर सहा स्क्रूंनी नवं स्टीअरिंग. पिवळी पट्टी बरोबर वर. बॅटरीची तार परत जोडून हॉर्न वाजवून पाहिला. गोपाळने आत बसून कडं धरलं, तर दोन्ही अंगठे फुगवट्यांवर टेकले आणि बोटं जिथवर मिटत होती तिथवर कडं भरून आलं.  दुपारी जयरामच्या घरीच माशाचं हुमण आणि भात जेवून दोघे झोपले. गोपाळने रात्री तिथेच राहायचं आणि गाडी सकाळी तिथूनच मोपाला काढायची ठरलं.

शनिवारी सकाळी स्वप्नील मयेला आला. गोपाळने गाडी मागे घेतली, तळ्याच्या रस्त्याला लावली आणि सरळ सोडली. गाडी सरळ चालली होती, पण पिवळी पट्टी वर नव्हती. ती उजव्या बाजूला खाली गेली होती. फुगवटे नको तिथे होते, अंगठे नुसत्या कड्यावर, आणि पहिल्याच वळणाला डावा हात सटकला. गोपाळने उजव्याने सावरलं. स्वप्नीलने पाहिलं.

तो काही वाईट बोलला नाही. परत अंगणात आल्यावर जयरामला फक्त विचारलं, "काका, हे असंच राहणार का?"

जयरामचा चेहरा उतरला. त्याने सहाही स्क्रू तपासले, जोड तपासला, खडूची खूण पाहिली. सगळं जिथल्या तिथे. मग तो स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला की आता नजर गेली आपली, असलं साधं काम चुकायला लागलं. गोपाळला ते ऐकवेना. त्याने सांगितलं की राहू दे, आहे ते बरं आहे, आणि गाडी बाजूला लावावी म्हणून परत बांधाकडे नेली. बांधाशी आल्यावर त्याने स्टीअरिंग भरपूर फिरवून पुढची चाकं बांधाकडे वळवली आणि मग चावी काढली.

जयराम ते बघत होता. बघता बघता तो चिऱ्यावर खाली बसला.

"गोपाळा, काल पण तू अशीच लावलेलंस?"

"अशीच म्हणजे? रोजच्यासारखी."

तेव्हा सगळा उलगडा झाला. खाणीच्या चढावर गाडी उभी करायची तर चाकं डोंगराकडे वळवून करायची, ही तिथली रीत. ब्रेक सुटला तर गाडी डोंगरात घुसावी, दरीत जाऊ नये. खाण सुटून अकरा वर्षं झाली तरी गोपाळचे हात सपाट अंगणातही तेच करत. काल चाकं वळलेली होती. जुन्या स्टीअरिंगच्या मधून कड्याकडे जाणाऱ्या तीन कांड्या अगदी सारख्या अंतरावर, त्यामुळे ते एक तृतीयांश फेरा फिरलेलं असूनही सरळ दिसत होतं. बांधाकडचं पुढचं चाक जयरामला दिसण्यासारखं नव्हतं, आणि दुसरं त्यानेही वाकून बघितलं नाही. वळलेल्या चाकांवर त्याने नवं स्टीअरिंग सरळ बसवलं होतं.

गोपाळला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याच सवयीने आपली संधी घालवली, वर मित्राला कमीपणा आणला. तो स्वप्नीलला सांगू लागला की जयरामची चूक नाही, माझीच. जयरामने त्याला हाताने थांबवलं.

"स्वप्नीला, तुका तुझ्या बापाशीन कधी सांगूक नाय, म्हणान मी सांगतंय," तो म्हणाला. "तू तेव्हा पाळण्यात होतंस. भरलेल्या टिपराखाली मी उताणो पडान काम करी होतंय. चाकाखालचो धोंडो सुटलो. एका बाजूक डोंगर, एका बाजूक खाणीचो खड्डो. टिपर चलाक लागलो आणि दोन हात जावन डोंगरात घुसलो, कारण तुझ्या बापाशीन चाकां वळवलेली. बाकीचे ड्रायव्हर घाईत इसरत, हो कधी इसरलो नाय. मी आज हय बसलंय तो तेच्यामुळे. ही सवय माका मोडूची नाय. स्टीअरिंग मी धा वेळा बसवीन."

स्वप्नीलने बापाकडे पाहिलं. गोपाळ दुसरीकडे बघत होता. दरवर्षी मे महिन्यात जयरामकडून मानकुराद आंब्यांची पाटी का येते, हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं आणि गोपाळने सांगितलं नव्हतं. त्याच्या लेखी त्याने काही केलंच नव्हतं, गाडी नीट लावली होती.

ड्यूटीला उशीर होत होता. स्वप्नीलने घड्याळ पाहिलं, ऑफिसात फोन करून तासभर मागून घेतला, आणि शर्टाच्या बाह्या वर करून पुलर धरायला बसला. या वेळी गाडी आधी अंगणाच्या मधोमध आणली, चाकं डोळ्यांनी बघून सरळ केली, मग नट सैल केला. बसवून झाल्यावर गोपाळने अंगठे टेकले. पट्टी वर, रस्ता समोर.

अस्नोडा मागे पडला. कोलवाळच्या पुलावर वारा आडवा आला, तरी कडं हातात होतं. धारगळच्या चौकात एका टेम्पोने अचानक ब्रेक मारला, गोपाळने गाडी डावीकडून काढली आणि परत लेनमध्ये आणली. त्या वेळी आपली बोटं कुठे आहेत, याचा त्याने विचारसुद्धा केला नव्हता. मोपाच्या पठारावर चढ लागला तसा स्वप्नील मान मागे टाकून झोपल्यासारखा बसला. गोपाळला वाटलं, हा मुद्दाम डोळे मिटून बसला आहे.

विमानतळाच्या फाटकापाशी स्वप्नील उतरला. कबुली जाऊन-येऊनची होती. ड्यूटी संपेपर्यंत थांबतो, मग परत जाऊ, असं गोपाळ म्हणाला.

"कशाला थांबता? जा तुम्ही," स्वप्नील म्हणाला. "आई वाट बघत असेल. पोचलात की फोन करा." मग दार लावता लावता म्हणाला, "आणि पणजीवाल्याला मी सांगतो."

गोपाळ एकटा परत आला. डिचोलीला घराकडे न वळता तो आधी मयेला गेला. जयराम टिलरचा पंखा खोलून बसला होता. गोपाळने हात जोडले, पण मुठी मिटत नव्हत्या तसे तळहातही पुरते जुळत नव्हते. चाळीस वर्षांच्या दोस्तीत त्यांच्यात असं काही बोलायची पद्धत नव्हती, तरी त्या दिवशी तो बोलला.

"माका परत चलवूक दिलंस, जयरामा. माझ्या बापाशीन दिला नाय तेवढा तू माका दिलंस."

"बस, चाय घे," जयराम म्हणाला, आणि आत बायकोला हाक मारली.

बेडूक अजून गोपाळच्या दारात आहे. पार्वतीचं माहेर, डॉक्टर, देऊळ, रेश्माच्या मुलाला चार दिवस आजोळी आणणं, सगळं त्यावरूनच होतं.

जयराम चोडणकर दोन हजार पंचवीस सालच्या जून महिन्याच्या नऊ तारखेला, वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, मये येथे राहत्या घरी वारला. वय एकाहत्तर.